खुंटावरची हरळी

झालं गेलं विसरून जा असं मलप्पाला कुणी सांगितलं, की तो विचारायचा, "किती झालं आन् किती गेलं?" सांगणाऱ्याला ते सांगता यायचं नाही. मग मलप्पा म्हणायचा, "तुम्ही मोजलं न्हाई, तर मी कशाला विसरू?"

मलप्पा देवणीकडचा. तीस वर्षं त्यानं रस्त्याच्या कामावर काढली, आधी बिगारी आणि मग मिस्त्री, लातूरपासून नांदेडपर्यंत. हाताखालची माणसं त्याला कडक म्हणत, काही जण मागून वाईटही बोलत. पण त्यानं मोजलेला खड्डा कुणाला परत मोजावा लागला नाही. माणूस डूख धरणारा होता. एकदा धरला की सोडायचा नाही, आणि घाईही करायचा नाही. आयुष्यात त्यानं एकच डूख पुरता उगवून घेतला. तेव्हा तो लातूरच्या एका कॉलेजात शिकत होता आणि विद्यार्थी मंडळाची मुदत संपत आली होती.

सुरुवात मात्र बहात्तरची आहे.

बहात्तरच्या दुष्काळात मलप्पा तेरा वर्षांचा होता. वडील आधीच वारले होते. शाळा सोडून तो आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागला. आईचं नाव लक्ष्मम्मा. मलप्पा तिला अव्वा म्हणायचा.

मातीकामाची एक रीत असते. खड्डा खणताना मधोमध मातीचा एक खुंट न खणता सोडायचा. शेजारशेजारचे खड्डे खणता खणता एकमेकांत मिळून जातात, मधल्या कडा राहत नाहीत, मूळ जमीन कुठवर होती ते मग कळत नाही. ते सांगायला तेवढा खुंट उरतो. त्याच्या डोक्यावरचं गवत म्हणजे जुनी जमीन. तिथून खाली टेप सोडायची. खुंट जेवढा उंच, तेवढं तुमचं काम. माप झाल्यावरच खुंट पाडायचा, आधी नाही.

लक्ष्मम्माला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती शेतात ढेकूळ न ठेवणारी बाई. सहा दिवस मायलेकरांनी खणलं. सातव्या दिवशी साहेब मोजायला येणार म्हणून तिनं खड्डा नीटनेटका करायला घेतला. मधला खुंट तिला अर्धवट टाकलेल्या कामासारखा दिसला. पाहुणे यायच्या आधी अंगण झाडावं तसा तिनं तो खणून काढला, तळ सारखा केला, खडेसुद्धा वेचून बाहेर टाकले.

साहेबानं टेप उघडली, इकडं तिकडं बघितलं आणि मिटली.

"खुंट कुठाय, बाई?"

"काढला की साहेब. साफ केलं."

मागं उभे असलेले लोक हसले. सहा दिवसांचं काम कागदावर आलंच नाही. त्या तलावावर असेपर्यंत लोक लक्ष्मम्माला 'साफवाली' म्हणत. मलप्पानं हसणाऱ्यांची तोंडं बघून ठेवली होती. पण ती फार होती, आणि तो लहान होता.

पुढची नऊ-दहा वर्षं त्यानं खडी फोडली, विहिरींवर गाळ उपसला, मध्येच बाहेरून दहावी दिली, मग बारावी. ब्याऐंशीच्या जूनमध्ये, तेविसाव्या वर्षी, तो लातूरला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला बसला. वर्गातली पोरं त्याला काका म्हणू लागली. तो रागावला नाही. काकाच होता.

त्याच पावसाळ्यात नवा जिल्हा झाला. उस्मानाबादला खेटे घालायचं संपलं म्हणून सगळं लातूर खुशीत होतं. पंधरा ऑगस्टला कॉलेजची मिरवणूक बाजारपेठेतल्या गंजगोलाईला वेढा घालून आली. पुढं होता विद्यार्थी मंडळाचा जनरल सेक्रेटरी, म्हणजे जी.एस., शेषेराव. औशाकडचा, तिसऱ्या वर्षाचा, गोरापान, आवाज खणखणीत. कॉलेजच्या पायऱ्यांवर उभं राहून तो म्हणाला, "नव्या जिल्ह्याला आमच्या मंडळाची भेट म्हणून आम्ही कॉलेजच्या मागच्या माळावर तळं खोदणार. श्रमदानानं. स्वतःच्या हातांनी." टाळ्या पडल्या.

सप्टेंबर कोरडा गेला. ऑक्टोबरात वसतिगृहाच्या विहिरीत बादली खरवडून निघू लागली. आता तळं खोदणं भाग होतं, आणि खोदायचं कसं ते मंडळात कुणाला ठाऊक नव्हतं. शेषेराव मलप्पाच्या खोलीवर आला. खाटेवर बसला, लक्ष्मम्मानं पाठवलेली कारळाची चटणी भाकरीबरोबर खाल्ली, बोटं चाटली.

"काका, तुम्ही श्रमदान प्रमुख व्हा. तुमच्याशिवाय हे होत नाही."

मलप्पाला बरं वाटलं. मातीकामाची रीत सांगता सांगता त्यानं अव्वाची गोष्टही सांगितली. खुंट किती महत्त्वाचा ते कळावं म्हणून. ही गोष्ट त्यानं तोवर कुणालाच सांगितली नव्हती. शेषेरावानं मान हलवली, म्हणाला, "फार वाईट झालं हो."

दुसऱ्या रविवारी मलप्पानं माळावर दोऱ्या ताणून खड्डे आखले. वीस फूट लांब, दहा फूट रुंद, खोली तीन फूट. एकेका वर्गाला एक, आणि वरच्या अंगाचा एक विद्यार्थी मंडळाला. प्रत्येक खड्ड्याच्या मधोमध दोन फूट रुंदीचा खुंट राखला आणि त्याच्या डोक्यावर चुन्यानं फुली मारली.

"ह्याला हात लावायचा न्हाई," तो सगळ्यांना म्हणाला. "ह्यो तुमचा साक्षीदार."

पोरांनी त्या खुंटांना 'मलप्पाचे महादेव' असं नाव ठेवलं. फुलीवर कुंकू लावलं, एकेक झेंडूचं फूल ठेवलं, एकानं कापूरही पेटवला. मलप्पा हसला. शेषेराव त्या दिवशी आला नव्हता. त्याला ताप होता म्हणे.

नंतरच्या रविवारीही तो थोडाच आला. यायचा तेव्हा पांढऱ्या शर्टात यायचा, हातात टिकाव धरायचा, फोटो निघायचा, टिकाव परत ठेवायचा. मंडळाचे बाकीचे सातही तसेच. अपवाद एक मलप्पा आणि दुसरी महादेवी. महादेवी मुलींची प्रतिनिधी, उदगीरच्या किराणा दुकानदाराची मुलगी, बोलायला तिखट. तिच्या मुलींचा खड्डा वेगळा होता. पहिल्या दिवशी त्या माती ओंजळीनं भरत होत्या. दिवाळीनंतर एकेक जण घमेलं डोक्यावर एका झटक्यात चढवू लागली. दोन फुटांवर मुरूम लागला, तेव्हा महादेवीनं पहार मागून घेतली. तळहाताला फडकं बांधून ती पहार मारायची आणि बंधाऱ्यावर बसलेल्या पोरांना म्हणायची, "बसा, बसा. उन्हानं काळे व्हाल."

जानेवारीत नव्या जिल्ह्याच्या कचेरीतले एक साहेब तळं बघायला येणार असं ठरलं. सर्वांत चांगल्या खड्ड्याला ढाल मिळणार होती. ते आले, टेप धरली गेली. मुलींचा खड्डा पावणेतीन फूट. मंडळाचा खड्डा बरोबर तीन फूट. ढाल शेषेरावानं घेतली. टाळ्या.

मलप्पा टाळ्या न वाजवता मंडळाच्या खड्ड्याकडे बघत उभा राहिला. जमीन उताराची होती, खड्डा वरच्या अंगाचा, त्यामुळं त्याचा तळ शेजाऱ्यांपेक्षा उंच असणं कुणाला खटकलं नाही. कडेनं उपसलेल्या मातीचे ढीग होते, म्हणून खुंट जमिनीच्या वर आलेलाही दिसत नव्हता. त्याला खटकलं ते दुसरंच. सगळ्या माळावर दोन फुटांवर मुरूम लागत होता. या खड्ड्याच्या तळाला अजून काळी माती होती. आणि खुंटाच्या डोक्यावर हिरवीगार हरळी होती. माळावर वाळलेल्या कुसळांखेरीज काही नव्हतं. हरळी अख्ख्या कॉलेजात एकाच ठिकाणी होती, प्राचार्यांच्या कचेरीसमोर, जिथं शिपाई रोज पाणी घालायचा. वर चुन्याची फुलीही मारलेली होती, ताजी.

कुणीतरी खुंटावर मातीचा थर चढवून वर हरळीचे चौकोन बसवले होते. खुंट उंच केला होता, खड्डा तेवढाच होता.

त्या संध्याकाळी मलप्पानं शेषेरावाला एकट्याला गाठलं.

"जी.एस., खुंटावर हरळी हाय."

शेषेराव हसला. "काका, तुमचं लक्ष फार हो. ढाल मंडळाला मिळाली म्हणजे तुम्हालाच मिळाली की. तुम्ही मंडळात नाही का?"

"मुलींनी पावणेतीन खणलंय. मुरमातनं."

"मुलींना पुढच्या वर्षी देऊ. परवा गॅदरिंगला या. आईलाही बोलवा."

मलप्पानं तेवढं ऐकलं. अव्वाला बोलावलं.

लक्ष्मम्मा देवणीहून एस.टी.नं आली. हिरवं लुगडं, पिशवीत भाकरी. सभागृहात मागं बायकांच्या बाकांवर बसली. नाटुकली झाली, गाणी झाली, मग फिशपाँड. हा कॉलेजांतला जुना खेळ. पेटीत न सही केलेल्या चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याच्या नावाची निघेल त्याला स्टेजवर बोलवायचं, चिठ्ठीतला टोमणा मोठ्यानं वाचायचा. हसायचं आणि विसरायचं.

मलप्पाचं नाव निघालं. तो इस्त्रीच्या सदऱ्यात वर गेला. चिठ्ठी शेषेरावच वाचत होता. सावकाश, ठासून.

"खुंट खणला आईनं, लेक मागतो माप.
असला मुकादम मिळाला, काय केलं होतं पाप!"

आधी कुणाला कळलं नाही. शेषेरावानं मग ती गोष्ट सांगितली. सहा दिवस, खुंट, साफ केलं की साहेब. आवाज काढून सांगितली. सभागृह फुटलं हसून. बाकं वाजली. मलप्पा तिथंच उभा होता. त्याला मागच्या बाकावरचं हिरवं लुगडं दिसत होतं. सगळ्यांबरोबर अव्वाही हसत होती, कारण सगळे हसत होते. मग हसता हसता ती थांबली.

एस.टी. स्टँडवर जाताना तिनं विचारलं, "ते माझंच होतं का रे, मगा?"

"न्हाई अव्वा. दुसऱ्याचं."

तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"खुंट मीच खणला होता की," ती म्हणाली. "खरंच हाय ते."

गाडी सुटली. मलप्पा स्टँडवर थांबला. त्या तलावावर हसणारे फार होते आणि तो लहान होता. आता हसवणारा एकच होता आणि मलप्पा तेवीस वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवसापासून पोरं त्याला खुंट म्हणू लागली. आता जाऊन हरळीचं सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, चिठ्ठी लागली म्हणून जळतोय. तसं त्याला नको होतं. तो थांबला. मंडळाची मुदत मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात संपत होती. निरोपाच्या दिवशी अहवाल वाचायचे आणि तळ्याच्या बंधाऱ्यावर संगमरवरी पाटी बसायची असं ठरलं होतं. पाटीवर शेषेरावाचं नाव असणार होतं. माप झालेले बाकीचे खुंट पाडून टाकले गेले. मंडळाचा खुंट शेषेरावानं ठेवायला लावला. पाटीच्या दिवशी ढालीबरोबर त्याचा फोटो हवा होता.

अडचण एक होती. ऊन तापायला लागलं होतं. वर चढवलेली माती वाळली, तडकली, आणि कुणी बघत नसताना आपोआप गळून पडली, तर सगळं मातीत मिळणार होतं. हरळी जगली तर तिच्या मुळ्या माती धरून ठेवणार होत्या.

वसतिगृहात तेव्हा माणशी एक बादली पाणी मिळायचं. अंघोळ, कपडे, सगळं त्यात. मलप्पा त्यातला एक तांब्या वेगळा काढू लागला. पहाटे तोंड धुतलेलं पाणीही तो तांब्यात धरायचा. उजाडायच्या सुमारास माळावर जायचा आणि शेषेरावाच्या खुंटावरच्या हरळीला घालायचा. सावकाश, मुळाशी, माती वाहू न देता. अंघोळ त्यानं दिवसाआड केली. देवाला घालावं तितक्या निगुतीनं त्यानं दोन महिने त्या हरळीला पाणी घातलं. घालताना रोज त्याला ते दोन चरण आठवायचे, आणि बरं वाटायचं.

फेब्रुवारीच्या शेवटाला महादेवीनं त्याला पकडलं. ती सकाळची फिरायला आली होती.

"मलप्पाअण्णा, प्यायला पाणी नाही आणि तुम्ही खुंटाला घालून राहिलात?"

मलप्पानं तांब्या रिकामा केला. मग तिला खाली तळ दाखवला. काळी माती. मग वर हरळी. तिनं एकदा खाली बघितलं, एकदा वर. समजायला तिला वेळ लागला नाही.

"हे केलं कुणी?"

"बाहेरचा गडी असता तर आधी जुनं डोकं खरवडला असता, मग माती चढवला असता. जोड दिसली नसती. हितं जोड दिसती. नवशिक्यानं केलंय. सोत्ताच्या हातानं."

"म्हणजे जी.एस.नी वर्षभरात एवढंच काम केलं," महादेवी म्हणाली. "आणि तेही कच्चं."

मलप्पा पहिल्यांदा मोकळा हसला. महादेवी हसली नाही. "आमच्या पोरींची ढाल घेतली त्यानं. माझ्या हाताला अजून घट्टे आहेत. काय करायचं ते सांगा."

"काहीच न्हाई. निरोपाला माझ्या अव्वाला पुढच्या खुर्चीवर बसव."

मार्चमध्ये मंडळाची शेवटची बैठक प्राचार्यांच्या कचेरीत झाली. प्रत्येकानं वर्षभरात आपण काय केलं ते लिहून आणायचं होतं. शेषेरावाची अकरा पानं होती. मिरवणूक, तळं, ढाल, नव्या जिल्ह्याचं भविष्य, तरुणांचा घाम. घामावर दीड पान होतं. वाचून होईपर्यंत चहा गार झाला. मलप्पाच्या कागदावर चार ओळी होत्या.

"खड्डे नऊ आखले. चाळीस रविवार-सुट्ट्यांपैकी चाळीस हजर. आठ खड्ड्यांची खोली मी मोजली. नवव्याची मोजलेली नाही."

"नवव्याची का नाही?" प्राचार्यांनी विचारलं.

"मला तेव्हा टेप दिली न्हाई, सर. साहेबांच्या हातानं मोजला."

"मग बरोबरच असेल की," शेषेराव म्हणाला.

"असंल," मलप्पा म्हणाला. "सर, एक रीत हाय. शेवटचा खुंट कामाच्या मुख्यानं पाडायचा असतो. नारळ फोडतो तसं. जी.एस.नी पाडावा आन् मग पाटी बसवावी."

शेषेरावानं त्याच्याकडे नीट बघितलं. मलप्पाचं तोंड नेहमीसारखं होतं. खुंट पडला की हरळी गेली, माती गेली, सगळं संपलं, हे शेषेरावाच्या ध्यानात आलं असावं. त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं.

"छान कल्पना आहे, काका," तो म्हणाला. "फोटोग्राफरला सांगून ठेवा."

निरोपाच्या दिवशी सकाळी नऊला सगळं कॉलेज माळावर होतं. बंधाऱ्यावर खुर्च्या. पाटी कापडानं झाकलेली. पुढच्या खुर्चीवर प्राचार्य, त्यांच्या शेजारी हिरव्या लुगड्यातली लक्ष्मम्मा, आणि तिच्या शेजारी महादेवी. आपल्याला इथं का बसवलंय ते लक्ष्मम्माला कळत नव्हतं. ती पदर सावरत होती.

शेषेराव खड्ड्यात उतरला. मलप्पानं त्याच्या हातात टिकाव दिला. आदल्या दिवशी धार लावलेला.

"डोक्याच्या जरा खाली मारा," तो म्हणाला. "आडवा."

फोटोग्राफर म्हणाला, "रेडी." शेषेरावानं टिकाव उचलला आणि आडवा मारला.

खुंट पडला नाही. त्याचं वरचं सव्वा फूट अखंड सुटलं, हरळीसकट, एखाद्या डब्याचं झाकण निघावं तसं, आणि शेषेरावाच्या पायाशी आपटलं. खाली जुना खुंट तसाच उभा होता. त्याच्या डोक्यावर दबलेली पिवळी कुसळं होती. कुसळांवर चुन्याची फुली. फुलीवर कुंकू. आणि मध्यभागी, वाळून काळं पडलेलं, चपटं, झेंडूचं फूल.

मागच्या रांगेतला एक पोरगा म्हणाला, "आरं, ते माझं फूल हाय. ऑक्टोबरातलं."

प्राचार्य उठून कडेला आले. "हे काय आहे, शेषेराव?"

"सर, कुणीतरी मुद्दाम... मला माहीत नाही."

मलप्पानं खिशातून टेप काढली. टोक फुलीवर धरलं, दुसरं तळाला टेकवलं, आणि टेप शेषेरावासमोर धरली.

"वाचा, जी.एस."

शेषेरावानं टेपवरून नजर काढून प्राचार्यांकडे बघितलं.

"चिठ्ठी वाचता येती. मंग हे बी येत असंल. वाचा."

"पावणेदोन," शेषेराव म्हणाला.

"मोठ्यानं. ह्या येळंला बायका पुढं बसल्यात, पण मागं पोरं हायेत."

"पावणेदोन फूट."

माळावर आवाज झाला तो हसण्याचाच. मलप्पानं तो पूर्ण होऊ दिला. जानेवारीत जेवढा वेळ चालला होता तेवढा. मग तो प्राचार्यांकडे वळला.

"सर, अहवालात तीन फूट लिवलंय. एकतर अहवाल खोडा, न्हाईतर खड्डा खणा."

प्राचार्य चांगले होते, पण त्यांना भांडण नको असायचं. ते म्हणाले, आता मुदत संपली, परीक्षा तोंडावर आहे, समजुतीनं घेऊ. तेव्हा महादेवी उठली. तिनं दोन्ही तळहात त्यांच्यासमोर पसरले. प्राचार्यांनी त्या घट्ट्यांकडे बघितलं.

"ढाल मुलींकडे जाईल," ते म्हणाले. "आणि खड्डा तीन फूट झाल्याशिवाय पाटी बसणार नाही. ज्यानं माती वर चढवली त्यानं ती खाली खणावी."

मंडळातल्या बाकीच्यांनी त्याच संध्याकाळी परीक्षेचं कारण सांगून गाव गाठलं. शेषेरावही गेला असता. पण पाटीवर त्याचं नाव कोरलेलं होतं, ती पाटी कापडाखाली बंधाऱ्याला टेकून उभी होती, आणि औशापर्यंत गोष्ट पोचली होती. वडिलांनी निरोप धाडला की काम संपवूनच घरी ये.

नऊ दिवस तो खणत होता. मलप्पा रोज सकाळी सहाला कडेवर येऊन बसायचा. मदत केली नाही, शिवी दिली नाही. तेवढंच बोलायचा जेवढं कामाचं.

"टिकाव डोक्यावरनं आणा. कमरेतनं न्हाई."

"ती माती कडंला टाकू नका. परत आत येती. बंधाऱ्यावर न्या."

"खुंटाला धक्का लागला. जपून."

पहिल्या दिवशी शेषेरावाच्या हाताला फोड आले. तिसऱ्या दिवशी फुटले. पाव फूट खाली गेल्यावर मुरूम लागला, तेव्हा तो बसलाच.

"काका, पहार जात नाही."

"मुलींची गेली," मलप्पा म्हणाला.

पाचव्या दिवशी शेषेराव म्हणाला, "तुमच्या आईबद्दल मी बोलायला नको होतं. चुकलं."

मलप्पानं टेप काढून खुंटाला लावली. "दोन फूट चार बोटं," तो म्हणाला. "चालू द्या."

मलप्पाला ते खोटं वाटलं म्हणून नव्हे. खरंच असेल. पण शेषेरावानं माफी मागावी असं मलप्पानं म्हटलंच नव्हतं. त्याला तीन फूट हवे होते.

त्या नऊ दिवसांत मलप्पाचाही अभ्यास बुडाला. इंग्रजीचं पुस्तक तो कडेवर घेऊन बसायचा, पण डोळे खड्ड्यात असायचे. एप्रिलमध्ये तो इंग्रजीत नापास झाला, नंतर कॉलेजही सुटलं आणि तो रस्त्याच्या कामावर लागला. पुढं कुणी विचारलं की पस्तावा होतो का, तर तो म्हणायचा, "इंग्रजीत चार गुण कमी पडले. खड्ड्यात एक बोटभरही कमी पडलं न्हाई."

लक्ष्मम्मा गावाला परतली नव्हती. गावात पाणी नव्हतंच. ती एका ओळखीच्या बाईकडे उतरली होती. नवव्या दिवशी दुपारी मलप्पा तिला माळावर घेऊन आला. शेषेराव खड्ड्यात टिकावावर भार देऊन उभा होता, सदरा पाठीला चिकटलेला, पांढरा राहिलेला नव्हता. तीन फूट झाले होते. मलप्पानं दोनदा मोजले होते.

"मावशी," शेषेराव म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "बघा. झालं आता."

लक्ष्मम्मानं त्याच्याकडं बघितलं. मग लुगडं वर खोचलं आणि कुणाचा हात न धरता खड्ड्यात उतरली. मागं हात बांधून ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली. मधल्या खुंटापाशी थांबली. चुन्याची फुली अजून होती. तिनं खुंटाला बोट लावलं नाही.

"खुंट ठेवलास," ती म्हणाली. "बरं केलंस."

शेषेरावानं मान खाली घातली. त्याला वाटलं, सुटलो. मलप्पालाही क्षणभर वाटलं की अव्वा आता त्याला सोडणार.

लक्ष्मम्मा वाकली. खड्ड्याच्या कोपऱ्यात, जिथं दोन भिंती मिळतात तिथं, मुरूम उतरता सोडलेला होता. टिकाव तिथं नीट बसत नाही, म्हणून सगळेच नवशिके तो तसाच सोडतात. तिनं तो उतार तळहातानं चाचपला. मग दुसऱ्या कोपऱ्यात गेली. मग तिसऱ्या. मग चौथ्या.

"कोपरे राहिलेत, बाबा," ती म्हणाली, आणि खड्ड्याच्या कडेवर येऊन मलप्पाशेजारी बसली.